ऊस, उपग्रह आणि यंत्राची बुद्धी : सभासदांनी काय समजून घ्यावे?



पारावर, सोसायटीत, काट्यावर गाड्यांच्या रांगेत, जिथे चार ऊस-उत्पादक जमतात तिथे हल्ली ‘एआय’चा विषय निघतोच. कोणी म्हणतो, आता मोबाईलच पाणी कधी द्यायचे ते सांगणार. कोणी म्हणतो, ही सगळी बड्या कंपन्यांची हवा आहे. दोन्ही बोलण्यांत थोडे थोडे तथ्य आहे. पण ऐकीव माहितीवर पैसा घालणे किंवा ऐकीव माहितीवरच पाठ फिरवणे, दोन्ही आतबट्ट्याचे. म्हणून या अंकात या विषयाचा पहिला धडा देत आहोत.

१. हे आहे तरी काय?

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. हा शब्द १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या शिबिरापासून रूढ झाला. म्हणजे कल्पना जुनी आहे. नवीन आहे तो वेग. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि यंत्राशी साध्या भाषेत बोलता येते हे घराघरांत कळले.

साधा संगणक सांगितले तेवढेच करतो. टनाला दर इतका, टन इतके, तर बिल किती? हा झाला हिशेब. एआयचे काम वेगळे. त्याला हजारो उदाहरणे दाखवतात आणि त्यांतला मेळ ते आपणच शोधते. आपल्याकडचा जुना जाणता माणूस बैलाच्या चालीवरून त्याची ताकद सांगतो. त्याने ते पुस्तकात वाचलेले नसते, आयुष्यभर बैल पाहिलेले असतात. यंत्रही असेच पाहून पाहून शिकते. फरक असा की माणूस पन्नास वर्षांत जेवढे पाहतो, त्याहून कितीतरी अधिक यंत्र थोड्या दिवसांत पाहते.

आणि त्याची उणीवही इथेच आहे. जे दाखवले नाही, ते त्याला ठाऊक नसते. २००२ साली महाराष्ट्राच्या उसावर लोकरी माव्याने घाला घातला, तेव्हा ती कीड आपल्याकडच्या शेतकऱ्यांना नवखी होती. त्याआधीच्या फोटोंवर शिकवलेले यंत्र त्या वेळी असते, तर तेही चुकलेच असते. पुढचे सगळे वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

२. पुणे आणि हा विषय

संगणकाचा आणि पुण्याचा संबंध जुना आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा देशी महासंगणक तयार केला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ पासून देशासाठी सुरू झाली. तिच्यात नकाशाचा एकेक चौकोन सहा किलोमीटरचा आहे. २०२५ च्याच खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने एआयच्या मदतीने काढलेला मान्सूनचा अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर पाठवला.

हडपसरकडे पाहा. मगरपट्ट्यात जिथे पूर्वी उसाचे फड होते, तिथे आज संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत. मात्र ती जमीन बिल्डरला तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली नाही. शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी चारशेवर एकर जमीन एकत्र केली आणि स्वतःच कंपनी काढून वसाहत उभारली. तिथून पुढे मांजरी बुद्रुक लागते, ते २०२१ पासून महापालिकेच्या हद्दीत आहे. तिथेच आपली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ऊस-उत्पादकांनी उभी केलेली ही संस्था आज उसातील एआयच्या प्रसारात पुढे आहे.

३. बारामतीचा प्रयोग

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसावर हा प्रयोग मांडला. २०२४ मध्ये सुमारे एक हजार शेतकऱ्यांना त्यात घेतले. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी २०२५ च्या आरंभी जगापुढे त्याचा उल्लेख केला आणि बारामतीचा ऊस सातासमुद्रापार पोहोचला.

या पद्धतीत तीन ठिकाणांहून माहिती गोळा होते.

पहिली, आकाशातून. हिरवे, निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पीक ताणावर आले की हे प्रमाण बदलते, आणि तो बदल आपल्या डोळ्यांना दिसण्याआधी उपग्रहाला टिपता येतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे उदाहरण घ्या. ते सुमारे दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून जातात आणि त्यांच्या चित्रातला बारीकात बारीक चौकोन १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा! एकराचा प्लॉट असेल तर ४० ठिपके मिळतात. त्यातले बांधाकडचे ठिपके अर्धे आपले, अर्धे शेजाऱ्याचे. पाच-सात गुंठ्यांच्या पट्टीवर म्हणूनच उपग्रहाचा फार भरवसा धरू नये. दुसरे असे की हे उपग्रह ढगातून पाहू शकत नाहीत. पावसाळ्यात, आडसालीच्या लागणीच्या दिवसांत, कित्येक आठवडे चित्र मिळत नाही. रडारचे उपग्रह ढगातून पाहतात, पण त्यांचे चित्र निराळे आणि वाचायला अवघड.

दुसरी, जमिनीतून. रानात पुरलेले संवेदक मुळाच्या थरातला ओलावा मोजतात.

तिसरी, हवेतून. छोटे हवामान केंद्र पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता आणि ऊन मोजते.

हे सारे एकत्र करून यंत्र मोबाईलवर मराठीत सांगते, की आज पाणी द्या, अमुक कोपऱ्यात पीक मागे आहे, तमुक रोगाला हवा पोषक झाली आहे. प्रयोग करणाऱ्यांनी उत्पादनात ३० ते ४० टक्के वाढ आणि पाण्यात मोठी बचत झाल्याचे सांगितले आहे. आकडा मोठा आहे. पण रोपाची लागण, रुंद सरी, ठिबक आणि वेळच्या वेळी खत यांचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे प्रत्येकाने आपल्या रानात पाहायचे आहे.

४. आपला खरा फायदा कुठे?

आमच्या मते सर्वांत मोठा फायदा पाण्याचा. उसाला पाणी जास्त दिले की ऊस जास्त होतो, हा समज अजून गेलेला नाही. कालव्याचे आवर्तन आले की सोड पाणी. त्याचे फळ नीरेच्या आणि कृष्णेच्या काठच्या काळ्या जमिनींनी भोगले. जमिनी क्षारपड झाल्या, चोपण झाल्या. आजोबांनी ज्या रानात विक्रमी ऊस काढला, तिथे आज नातवाला उगवणही धड मिळत नाही. ‘आज पाणी नको’ एवढे जरी या यंत्राने वेळेवर सांगितले आणि आपण ते ऐकले, तरी जमीन वाचेल. टनेज एका हंगामाचे असते, जमीन पिढ्यांची.

दुसरा फायदा खताचा. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र आणि ११५-११५ किलो स्फुरद व पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. सर्वसाधारण म्हणजे सर्वांना एकच. प्रत्यक्षात एकाच सर्व्हे नंबरात वर मुरमाड आणि खाली काळी जमीन असते. कुठे काय कमी आहे हे कळले, तर खत मोजून टाकता येते.

तिसरा फायदा तोडणीचा. आडसाली १६ ते १८ महिन्यांचा, पूर्वहंगामी १४-१५ चा, सुरू १२ चा, हे झाले कॅलेंडर. पण एकाच तारखेचे दोन प्लॉट एकाच दिवशी पक्व होतातच असे नाही. पक्वतेचा अंदाज चित्रावरून आला आणि हातातल्या ब्रिक्स मीटरने त्याची खातरजमा झाली, तर तोडणी कार्यक्रम उसाच्या पक्वतेवर लागेल, ओळखीवर नाही. उतारा वाढला तर दराला आधार मिळेल, आणि तो सर्व सभासदांचा लाभ आहे.

५. यंत्र कुठे फसते?

संवेदक चुकीच्या जागी बसवला, तर सल्लाही चुकीचाच येणार. बांधाच्या सखल कोपऱ्यात पुरला की तो कायम ‘ओल आहे’ म्हणेल आणि वरच्या माथ्यावरचा ऊस वाळेल. संवेदक बसवताना मालकाने स्वतः हजर राहावे. रानाची नस त्यालाच ठाऊक.

हुमणीचे असेच. ऊस पिवळा पडलेला वरून दिसतो. पण तो हुमणीने, लोहाच्या कमतरतेने की पाणी साचून, हे पानाच्या फोटोवरून ठरत नाही. बेट उपटा, मुळे पाहा, माती चाळा. यंत्राने बोट दाखवावे, खुरपे आपणच चालवावे.

चॅटजीपीटीसारख्या बोलक्या यंत्रांविषयी तर जास्तच जपून. ती न अडखळता उत्तर देतात, पण ते खरे असेलच असे नाही. औषधाचे प्रमाण त्यांना विचारून पंपात ओतू नये. डब्यावरचे लेबल वाचावे आणि शेतकी विभागाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारावे. पीएम-किसानच्या हप्त्याची विचारपूस मात्र ‘किसान ई-मित्र’ या सरकारी सोयीवर मराठीत करता येते. ती सप्टेंबर २०२३ पासून आहे.

घरच्यांसाठीही एक सूचना. हे तंत्र आता माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या आवाजात ‘आप्पा, अडचणीत आहे, पैसे पाठवा’ असा फोन आला, तर फोन ठेवावा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा. उसाचे बिल खात्यावर जमा होते त्या दिवसांत विशेष सावध राहावे.

६. खर्चाचा हिशेब

२०२५ मध्ये वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने पुढाकार घेऊन जी योजना मांडली, तिच्यात हेक्टरी खर्च २५,००० रुपये धरला होता. त्यातले ९,२५० इन्स्टिट्यूटने, ६,७५० कारखान्याने आणि ९,००० शेतकऱ्याने द्यायचे. राज्य मंत्रिमंडळानेही जून २०२५ मध्ये शेतीतील एआयचे २०२५ ते २०२९ चे धोरण मंजूर केले आणि त्यासाठी ५०० कोटींची तरतूद ठेवली.

आता आपला हिशेब. हेक्टरी ९,००० म्हणजे एकरी सुमारे ३,६५०. टनाला ३,००० रुपये धरले, तर एकरी सव्वा टन ऊस जादा निघाला की आपला वाटा वसूल. पण मदत नसेल आणि पूर्ण खर्च आपल्यावर आला, तर एकरी सुमारे १०,१०० रुपये आणि वसुलीला जवळजवळ साडेतीन टन. म्हणून सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही रक्कम किती वर्षांची? संवेदक बिघडला तर दुरुस्ती कोणाकडे? मदत थांबली तर पुढच्या वर्षी किती भरावे लागेल?

परीक्षा घेण्याची रीत सोपी आहे. एकाच प्लॉटचे दोन सारखे भाग करा. जात एक, लागणीची तारीख एक. एक भाग यंत्राच्या सल्ल्याने, दुसरा आपल्या नेहमीच्या पद्धतीने. पाण्याचे तास आणि खताच्या गोणी वहीत लिहा. तोडणीला दोन्ही भागांची खेप वेगळी, स्लिप वेगळी. मग वजनकाटा जे सांगेल ते खरे.

७. माहिती कोणाची?

शेवटचा आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. या यंत्राचे खाद्य म्हणजे माहिती. तुमचा गट नंबर, जात, लागण तारीख, टनेज, खत, पाणी. कारखान्याच्या ऊस-नोंदीत ही माहिती वर्षानुवर्षे साठली आहे. तिच्यावाचून यंत्र उसाबद्दल काही शिकू शकत नाही. तिला मोल आहे, आणि ते मोल सभासदाच्या घामाचे आहे.

उद्या ही माहिती बाहेरच्या एखाद्या कंपनीच्या हाती विनाअट गेली, तर तुमच्या रानात किती ऊस निघणार हे तुमच्याआधी तिला कळेल. खत विकणाऱ्याला कळेल, कर्ज देणाऱ्याला कळेल. माल पिकवणारा अंधारात आणि घेणारा उजेडात, ही स्थिती आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहे. म्हणूनच विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम घेतला. ऊस आपला तर गाळपही आपले, हा तो विचार. आज तोच विचार एक पाऊल पुढे न्यायचा आहे : रान आपले तर त्याची माहितीही आपली.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. त्यात संमतीला महत्त्व आहे. पण मोबाईलवर न वाचता ‘मान्य’चे बटण दाबणारा स्वतःच संमती देऊन बसतो. म्हणून करार एकेकट्याने करण्यापेक्षा कारखान्यामार्फत, सर्वांच्या वतीने व्हावा. माहिती कोणत्या कामाला वापरणार, कोणाला देणार, करार संपल्यावर ती परत मिळणार की नाही, हे त्यात मराठीत लिहिलेले असावे. वार्षिक सभेत दराचा प्रश्न आपण हक्काने विचारतो. तसाच हा प्रश्नही विचारावा, नव्हे, विचारलाच पाहिजे.

सभासदांनी येत्या हंगामात एवढे करावे : माती परीक्षण करून घ्यावे, पाण्याची व खताची वही ठेवावी, आणि घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला सोबत घेऊन गट कार्यालयात या योजनेची चौकशी करावी. वही ज्याच्याकडे आहे, त्यालाच यंत्राचा सल्ला बरोबर आला की चूक, हे पडताळता येईल.