भयपटाची पहिली दोन मिनिटे

भयपटाची नामावली कथेच्या आधीच भीती पेरते. हिचकॉकच्या ‘सायको’साठी (१९६०) सॉल बास यांनी नुसत्या करड्या पट्ट्या पडद्यावर आडव्या-उभ्या धावत्या केल्या. अक्षरे चिरली, पुन्हा जुळली. जोडीला बर्नार्ड हरमन यांची तंतुवाद्ये. ‘सेव्हन’मध्ये (१९९५) काइल कूपर यांनी खुन्याचा चेहरा लपवून त्याची बोटे, ब्लेड आणि वह्या दाखवल्या; नावे हाताने ओरखडल्यासारखी थरथरत येतात. दोन्हींत ना भूत, ना खर्चिक सेट. म्हणूनच अशी नामावली बनवण्याचा प्रकल्प विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. ब्रिटनमध्ये ओसीआर परीक्षा मंडळाने मीडिया स्टडीजच्या विद्यार्थ्यांना नव्या चित्रपटाची नामावली आणि सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटांची, असेच काम दिले होते.

सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दोन मिनिटांच्या २,८८० फ्रेम होतात. त्या भरायला एखादी वस्तू पुरते: गंजलेली कडी, देव्हाऱ्यातली विझती वात, विहिरीवरचा रहाट. आधी स्टोरीबोर्ड, मग आवाज आणि शेवटी चित्रीकरण, हा क्रम सर्वांत फलदायी. रहाटाची करकर आधी नोंदवली की कट कुठे मारायचा ते ती करकरच सांगते. ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती संकलनाला पुरेशी आहे.

मराठी विद्यार्थ्याच्या हाती देवनागरीची शिरोरेषा आहे, आणि भीतीसाठी तिचा वापर फारच कमी होतो. ती तडकू शकते, दोरीसारखी लोंबू शकते, वेलांटी आकड्यासारखी वळू शकते. इंग्रजी भयपटांतले रक्त ठिबकणारे फाँट उचलण्यापेक्षा शाई-बोरूने काढलेले अक्षर अधिक अंगावर येते. नाव मात्र सावकाश दोनदा वाचता येईल इतका वेळ पडद्यावर राहायला हवे.

असे काम शिकण्याबाबत पालकांची काळजी पोटापाण्याची असते आणि ती रास्त आहे. अक्षर, गती आणि ध्वनी जुळवण्याचे हे कौशल्य जाहिराती, वेबमालिका, वृत्तवाहिन्या आणि गेम या सगळ्यांना लागते. बारावीनंतर कोणत्याही शाखेतून ‘यूसीड’ ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस.ला जाता येते; अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटसंस्थेतील संकलन आणि ध्वनीच्या अभ्यासक्रमांसाठी आधी पदवी लागते. पोर्टफोलिओत तयार फिल्मसोबत बाद झालेली रेखाटनेही ठेवावीत आणि गटात काम झाले असेल तर त्यातले आपले काम कोणते, ते स्पष्ट लिहावे.