बैठी नोकरी आणि चाळिशीनंतरचे शरीर

आमच्या वडिलांच्या पिढीला व्यायामाची वेगळी गरज नव्हती. गिरणीतील पाळी, शेतावरील मजुरी, गोदीतील हमाली यांतच शरीर झिजून जाई. परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीमुळे आमच्या हाती लेखणी आली, कचेरीत खुर्ची मिळाली. ती सहजासहजी मिळालेली नाही, तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्याच खुर्चीत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या कितीतरी बांधवांना पन्नाशीच्या आत मधुमेह व रक्तदाब जडलेला दिसतो. मुलांची शिक्षणे अर्ध्यावर असतात आणि घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून हा विषय अभ्यासपूर्वक पाहणे अगत्याचे वाटते.

लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. तेथील दुमजली बसमध्ये चालक आणि वाहक एकाच गाडीवर, एकाच रस्त्याने फिरत. चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून, तर वाहक दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. हृदयविकार वाहकांत कमी आढळला, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. टपाल खात्यातही तेच दिसले: पायी व सायकलवर फिरणाऱ्या पोस्टमनपेक्षा टेबलावरील कारकुनांत हा विकार अधिक. (आम्हां कारकुनांना हे वाचून बरे वाटण्याचे कारण नाही!) मुळात स्थूल माणसेच चालक होत असतील, अशी शंका निघाली. तेव्हा मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापेच तपासली. चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, पण तेवढ्याने सारी तफावत उलगडेना. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत. ते २००९ साली, नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले.

कारण स्नायूंत आहे. रक्तातील साखरेचा मोठा ग्राहक म्हणजे स्नायू. ते हलले की साखर उचलतात, स्वस्थ राहिले की इन्शुलिनला दाद देईनासे होतात. त्यात आपल्या भारतीयांना युरोपीय लोकांपेक्षा कमी वजनात आणि कमी वयात मधुमेह होतो. म्हणून पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे मानतात. अंग बारीक पण पोट सुटलेले, अशांनी निर्धास्त राहू नये.

“आता वय झाले, काय उपयोग?” असे पुष्कळजण म्हणतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतील डॅलस येथील प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९६६ साली विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवले. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले. श्रम करण्याची त्यांची क्षमता तीस वर्षांच्या वयोमानाने जेवढी घटली होती, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांत घटली होती! पुढे सहा महिने क्रमाक्रमाने व्यायाम केल्यावर पन्नाशीतील या गृहस्थांनी वयामुळे गमावलेली क्षमता परत मिळविली.

बौद्धांना तर चालणे नवीन नाही. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरचा प्रवास झेपतो, प्रयत्नाचे बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालता चालता साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी चार लाभ सरळ शरीराशी निगडित आहेत, ही गोष्ट प्रवचनांत सहसा सांगितली जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचविला आहे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत झपाट्याने चालणे म्हणजे मध्यम श्रम. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास साखर कमी चढते. मात्र चालताना छातीत दुखत असेल वा दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

भगिनींचा प्रश्न निराळा आहे. घरकामात हालचाल होते, पण मोकळे चालायला वेळ आणि सुरक्षित जागा कोण देतो? वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला माताभगिनी मोठ्या संख्येने येतात. वाचन संपल्यावर सर्वांनी मिळून अर्धा तास चालण्याची व्यवस्था विहार कमिटीला सहज करता येईल, आणि तिला खर्चही नाही.