वीज गेली, नोंद राहिली का?

वैद्यक व्यवसायात रुग्णपत्रिकेचे मोल निराळे सांगावयास नको. अलीकडे तिची जागा संगणकाने घेतली आहे. परंतु पेडणे, डिचोलीसारख्या तालुक्यांत पावसाळ्यात माडाचे झावळ तारेवर पडले तरी वीज जाते. अशा वेळी नुकत्याच केलेल्या नोंदीचे काय होते, हा प्रश्न एका प्रसंगाने मला विचार करावयास लावून गेला.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. त्यानंतर काही दिवस वीज येत-जात होती. त्या काळात पेडण्यातील माझ्या दवाखान्यात एका वृद्धेच्या पत्रिकेत मी 'पेनिसिलिन देऊ नये' अशी नोंद केली. पडद्यावर 'जतन झाले' अशी अक्षरे उमटली आणि लगेच वीज गेली. यूपीएसची जुनी बॅटरीही उपयोगी पडली नाही. वीज आल्यावर संगणक सुरळीत सुरू झाला, तपासणीत कोणताही दोष आढळला नाही. मात्र ती नोंद नव्हती. पुढील भेटीत आजींनी स्वतःच आठवण करून दिली, म्हणून अनर्थ टळला.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लिहिलेला मजकूर प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, मग डिस्कच्या स्वतःच्या छोट्या स्मृतीत आणि शेवटी कायमच्या जागी जातो. चिठ्ठी लिहिली म्हणजे औषध पोटात गेले असे नव्हे! विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची ईएक्सटी4 यांसारख्या फाइल सिस्टीम 'जर्नल' नावाची आगाऊ नोंदवही ठेवतात. परंतु ती वही सामान्यतः फाइलींची नावे, आकार, जागा एवढी रचनाच सांभाळते. आतील मजकुराची हमी देत नाही. क्ष-किरण चित्रात हाडे शाबूत दिसली म्हणून आत रक्तस्राव नाही, असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

तेव्हा डिचोलीच्या एका संगणकतज्ज्ञ स्नेह्याच्या साहाय्याने मी चाचणी घेतली. रुग्णांच्या खऱ्या नोंदींना हात न लावता जुना संगणक घेतला. त्यावर क्रमांक असलेल्या काल्पनिक नोंदी एकामागून एक लिहावयाच्या, प्रत्येकीसोबत मजकुरावरून काढलेला पडताळा-अंक ठेवावयाचा, आणि 'कायम झाली' अशी पोच मिळाल्यावरच तो क्रमांक बॅटरीवर चालणाऱ्या दुसऱ्या संगणकास कळवावयाचा, अशी योजना होती. लेखन चालू असतानाच प्लग उपटावयाचा. संगणक पुन्हा सुरू केल्यावर तीन प्रश्न: पोच मिळालेली प्रत्येक नोंद आहे काय? पोच न मिळालेली नोंद एक तर पूर्ण आहे किंवा मुळीच नाही, असे आहे काय? पडताळा-अंक जुळतात काय?

पहिल्या काही खेपांना पोच मिळालेल्या नोंदीही हरवल्या. डिस्कची लेखन-स्मृती बंद केल्यावर त्या टिकू लागल्या. वेग मात्र मंदावला. येथे एक सावधगिरी हवी. केवळ रीसेटचे बटण दाबल्यास डिस्कची वीज चालूच राहते, म्हणून ती खरी परीक्षा नव्हे. शिवाय एका खेपेवर निष्कर्ष काढू नये. निरनिराळ्या क्षणी अनेकदा वीज तोडावी.

हा दोष केवळ आपल्या जुन्या यंत्रांचा नाही. 2013 मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठ व एचपी प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 15 एसएसडींची वीज वारंवार तोडून पाहिली. त्यांपैकी 13 मध्ये काही ना काही बिघाड आढळला. 2018 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी अशाच आघाताची नक्कल करणाऱ्या 'क्रॅशमंकी' या साधनाच्या आधारे लिनक्सच्या प्रचलित फाइल सिस्टीममध्ये 10 नवे दोष शोधले; त्यांतील 7 दोष 2014 पासून तसेच दडून होते.

समव्यावसायिकांस माझी विनंती एवढीच: यूपीएसची बॅटरी पावसाळ्यापूर्वी तपासावी, रोजची प्रत वेगळ्या जागी ठेवावी, ती प्रत उघडते काय हेही पाहावे, आणि कार्यप्रणाली विकणाऱ्यास 'प्लग उपटून पाहिला आहे काय?' असे निःसंकोच विचारावे. ॲलर्जीची नोंद मात्र रुग्णाच्या हातातील कागदावरही लिहावी. आजींची स्मरणशक्ती प्रत्येक वेळी आपल्या मदतीस येईलच असे नाही.