गोळी रात्रीची, हिशेब सकाळच्या लोकलचा

वडिलांच्या आजारपणात रात्री जागून काढल्या. ते बरे होऊन घरी आले आणि माझी झोप उडाली. कल्याणच्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी झोल्पिडेम लिहून दिली. तेव्हा कळलेल्या या गोष्टी.

१. गोळीआधी चौकशी. झोप लागतच नाही की पहाटे मोडते, घोरता का, चहा किती, मन उदास असतं का, दुसरी औषधं कोणती, हे सगळं डॉक्टरांनी विचारलं. घोरताना श्वास अडकणाऱ्याला ही गोळी धोक्याची ठरू शकते. न विचारता चिठ्ठी फाडून देणारा डॉक्टर मला नको.

२. वेळ सकाळकडून मोजायची. गोळीनंतर सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच ती घ्यायची. पहाटे पाचला उठून लोकल गाठणाऱ्या डोंबिवलीकराने रात्री नऊ-साडेनऊलाच अंथरूण धरायला हवं. एक वाजेपर्यंत कूस बदलून मग गोळी गिळली, तर ती दुसऱ्या दिवशी लोकलच्या दारात आपल्यासोबत उभी असते. शीळ रोडवर स्कूटर चालवणाऱ्यांचंही तेच. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बायकांसाठी साध्या झोल्पिडेमचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला सांगितला, कारण त्यांच्या रक्तात सकाळी औषध जास्त उरतं. मलाही पाचचीच मिळाली.

आणि गोळी घ्यायची ती सगळं आवरून, दाराची कडी लावून, अंथरुणावर बसूनच. घेतल्यावर ओट्यापाशी घुटमळायचं नाही. झोपेतच चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढणं आणि सकाळी काहीच न आठवणं, असे प्रकार या गोळीने क्वचित होतात. एकदा जरी झालं तरी गोळी बंद करून डॉक्टरांना गाठायचं.

३. "माझ्याकडे आहे, अर्धी घे." लेडीज डब्यात हे वाक्य चिवड्याच्या पुडीसारखं फिरतं. त्या मावशींची अल्प्राझोलम वेगळी, त्यांचा आजार वेगळा. घरातल्या आजींना तर परस्पर काहीच देऊ नये. रात्री बाथरूमला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं.

४. केमिस्टशी हुज्जत नको. झोल्पिडेम, अल्प्राझोलम, डायझेपाम ही औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्युल एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध किती दिलं, याची नोंद दुकानदाराला तीन वर्षं जपावी लागते. "ओळखीचा आहे, देईल" यात कौतुक काही नाही.

५. दारू अजिबात नाही. एक पेगसुद्धा नाही. सर्दी-खोकल्याची झोप आणणारी औषधं आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं.

६. बंद कधी करायची, हे सुरू करतानाच विचारावं. ही औषधं थोड्या दिवसांची, फार तर दोन-चार आठवड्यांची. थांबवल्यावर पहिल्या एक-दोन रात्री झोप आणखी बिघडू शकते. आजार उलटला समजून पुन्हा पट्टी उघडायची नाही. मात्र महिनोन्‌महिने घेणाऱ्याने एकदम सोडू नये, फिटसुद्धा येऊ शकते. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावा लागतो.

७. झोपेची खरी चोरी संध्याकाळच्या गाडीत होत होती. दादरला बसायला मिळालं की घाटकोपर यायच्या आत डोळा लागायचा, आणि मग रात्री बारापर्यंत टक्क जागी. ती डुलकी बंद केली, रविवारीही उठायची वेळ तीच ठेवली. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं, पडल्या पडल्या तळमळत राहायचं नाही, ही शिस्त समुपदेशकाकडून शिकता येते. जुनाट निद्रानाशात पहिला उपचार तोच मानतात. ते कष्टाचं आहे, पण गोळीपेक्षा टिकतं.

गोळी सुटत नसेल किंवा रात्री जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर थांबू नका. ठाण्यात १९०१ पासूनचं सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.