जिंकलेल्या संघानं हुकमी खेळाडू का सोडावा?

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. त्याला बेसबॉलचं वेड आहे. तो म्हणतो, ‘मामा, शहाणे संघ मोठ्या खेळाडूला वेळेवर सोडतात.’ मला हे पटत नाही. पुणेरी पलटणनं 2024 मध्ये प्रो कबड्डी जिंकली आणि त्याच वर्षी बचावपटू शादलूला जाऊ दिलं. हे मालकांनी पैसे वाचवण्यासाठीच केलं ना?
– एक वाचक, राहनाळ, ता. भिवंडी

उत्तर : तुमचा राग समजतो. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, त्या हंगामात मोहम्मदरेझा शादलूच्या नावावर पकडीचे 99 गुण होते. असा गडी ऑगस्टमधल्या लिलावात परक्या संघाकडे गेला, तर प्रेक्षकाला वाईट वाटणारच. तरी भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र बेसबॉलमधलं कारण वेगळं आणि कबड्डीतलं वेगळं.

आधी पैशांचा गैरसमज दूर करू. कबड्डीच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखीच असते. पलटणनं विजेतेपद मिळवलं त्या दहाव्या हंगामात ती पाच कोटींची होती आणि संघात किमान अठरा खेळाडू हवे होते. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्यापलीकडे जाता येत नाही. शादलूला पलटणनं 2 कोटी 35 लाखांना घेतलं, म्हणजे उरलेल्या सतरा जणांसाठी राहिले 2 कोटी 65 लाख. सरासरी माणशी साडेपंधरा लाख. कबड्डीतल्या मोठ्या खेळाडूची खरी किंमत त्याच्या बोलीत दिसत नाही, ती बाकीच्या सतरा जागांत दिसते. त्याला सोडलं तर ती रक्कम मालकाच्या खिशात जात नाही, दुसऱ्या खेळाडूंसाठी मोकळी होते.

मग इतका महाग खेळाडू पलटणला त्या वर्षी परवडला कसा? या प्रश्नाचं उत्तर दोन-तीन वर्षं मागे सापडतं. प्रत्येक संघाला लिलावाबाहेर, ठरलेल्या माफक मानधनावर नवे तरुण खेळाडू करारबद्ध करता येतात आणि पुढचे काही हंगाम आपल्याकडे ठेवता येतात. पलटणनं हा नियम मनापासून वापरला. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत आठव्या हंगामात असेच आले. पंकज मोहिते त्याआधीपासून होता. आकाश शिंदे, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री ही नावं भोवती जमत गेली. ही पोरं एकत्र खेळत राहिली. नवव्या हंगामात अंतिम सामन्यात जयपूरकडून 33-29 अशी हरली आणि पुढच्या हंगामात जिंकली. स्वस्तात तयार झालेल्या या मांडणीमुळेच एका जागेवर दोन कोटींच्या वर खर्च करणं शक्य झालं.

पुढं अडचण येते ती इथंच. तरुण खेळाडू कायम तरुण आणि स्वस्त राहत नाही. नाव झालं की त्याचंही मानधन वाढतं. अकराव्या हंगामाआधी पलटणला ठरवायचं होतं, एक शादलू ठेवायचा की अस्लम, मोहित, पंकज, अबिनेश, गौरव हा गट. त्यांनी गट ठेवला. माझ्या मते निर्णय बरोबर होता. पकड एकट्याची नसते. कोपऱ्यातल्यानं पाय धरला की मध्यरक्षकानं त्याच क्षणी अंगावर जायचं असतं. हे डोळ्यांनी बोलणं चार-चार हंगामांच्या सरावातून येतं, ते लिलावात विकत मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, मग शादलू 2 कोटी 7 लाखांना हरियाणात गेला आणि हरियाणा विजेता झाला, त्याचं काय? खरं आहे. 29 डिसेंबर 2024 ला पुण्यातच, बालेवाडीत, हरियाणानं पाटण्याला 32-23 असं हरवलं. पलटण त्या वर्षी बाद फेरीतही नव्हती, कारण अस्लम दुखापतीनं बाहेर गेला. पण हरियाणानं तरी काय केलं? जिंकल्यावर त्यांनीही शादलूला ठेवलं नाही. बाराव्या हंगामासाठी गुजरातनं त्याला 2 कोटी 23 लाखांना घेतलं. गुजरात बाद फेरीत पोचलं नाही आणि तोच जुना गट घेऊन पलटण पुन्हा अंतिम सामन्यात दिसली. 31 ऑक्टोबर 2025 ला दिल्लीकडून ती 31-28 अशी हरली, तो भाग वेगळा.

सगळ्यांत बोलकं उदाहरण मात्र पाटण्याचं आहे. प्रदीप नरवालच्या चढायांवर पाटणा पायरेट्सनं लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली. आठव्या हंगामाआधी त्यांनी प्रदीपला मोकळं केलं आणि यूपी योद्धानं 1 कोटी 65 लाखांची तेव्हाची विक्रमी बोली लावली. त्याच हंगामाच्या उपांत्य सामन्यात हे दोन संघ समोरासमोर आले, तेव्हा पाटणा 38-27 असं जिंकलं. प्रदीपवाचून उभ्या राहिलेल्या त्या पाटण्याच्या बचावात नवखा शादलू होता! उलट दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांहून अधिक, म्हणजे निम्म्याहून जास्त थैली खर्च केली. पवन चढायांत जिवाचं रान करत राहिला आणि संघ तळाला राहिला.

आता भाच्याच्या बेसबॉलकडे वळू. तिथं पगारावर अशी पक्की मर्यादा नाही. ठरावीक आकड्यापलीकडे गेलं की संघाला कर भरावा लागतो. पण नवा खेळाडू मुख्य साखळीत आल्यावर साधारण सहा हंगाम संघाचाच असतो, त्यातले पहिले तीन अगदी कमी पगारावर. मग तो मोकळा. म्हणून हरणारे संघ पाचव्या वर्षाच्या ताऱ्याच्या बदल्यात तीन-चार कोवळी पोरं घेतात आणि त्यांना खालच्या साखळ्यांत वाढवतात. ह्यूस्टन ॲस्ट्रोज 2011 ते 2013 सलग तीन हंगाम शंभराहून जास्त सामने हरले आणि 2017 मध्ये विजेते झाले. त्या यशाला प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा डाग लागला, हेही भाच्याला आठवत असेलच. तेव्हा तिथं तळाला राहिलं की नव्या खेळाडूंच्या निवडीत आधी नंबर लागत असे. कबड्डीत हरून थैली वाढत नाही, त्यामुळे मुद्दाम तीन वर्षं पडून राहण्यात काही हशील नाही.

सोडणं नेहमी शहाणपणाचंच असतं असं मात्र समजू नका. कधी नियमच संघ मोडतो. पहिल्या तीन हंगामांत तिन्ही वेळा अंतिम सामना खेळलेल्या यू मुंबाची जुनी फळी पांगत गेली. 2017 मध्ये साखळी आठ संघांवरून बारांवर गेली, तेव्हा प्रत्येक जुन्या संघाला एकच खेळाडू राखता आला. मुंबानं अनुप कुमारला ठेवलं. ठाणे-मुंबईच्या प्रेक्षकांनी जीव लावलेली ती फळी अशी सुटली, याची हळहळ मलाही आहे.

तुमच्या भिवंडी पट्ट्यातल्या स्पर्धांतही हे दिसेल. बाहेरचा नामांकित चढाईपटू आणून एखादं मंडळ चषक नेतं. पण कुमार गटातली पोरं ज्येष्ठांसमोर रोज मॅटवर उतरवणारं मंडळ वर्षानुवर्षं उपांत्य फेरीत असतं. पुढच्या लिलावाआधी संघ कुणाकुणाला कायम ठेवतात ती यादी पाहा. त्यात बावीस-तेविशीतले किती आणि एकमेकांबरोबर दोन हंगाम खेळलेले किती, एवढं मोजा. भाच्याशी पुढचा वाद घालायला तेवढं पुरेल.