छायाचित्रावरून चित्र : नक्कल की अभ्यास?



एखादा विद्यार्थी छायाचित्रावर चौकटी आखून चेहरा काढू लागला, म्हणजे 'नक्कल करतोस' असे आपण सहज म्हणून जातो. शिक्षक असताना मीही एका मुलास असे बोललो होतो. त्याची खंत अद्याप वाटते.

अमेरिकन चित्रकार चक क्लोज (१९४०–२०२१) यांना माणसांचे चेहरे ओळखता येत नसत. बालपणी वाचनातही ते मागे पडत. परंतु चेहरा छायाचित्रात सपाट व स्थिर झाला, म्हणजे तो त्यांच्या स्मरणात राही. ते छायाचित्रावर चौकटी आखीत, तितक्याच चौकटी मोठ्या कॅनव्हासवर आखीत आणि एकेक घर भरीत. १९६७-६८ मध्ये त्यांनी रंगविलेले स्वतःचे कृष्णधवल चित्र सुमारे ९ फूट उंच आहे. १९८८ मध्ये हातापायांतील शक्ती गेल्यावरही हातास कुंचला बांधून त्यांनी चेहरे रंगविणे चालू ठेवले.

चौथीच्या वर्गात हा पाठ अवश्य घ्यावा. आजीच्या किंवा आजोबांच्या छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर १ सेंटिमीटरच्या चौकटी आखाव्यात. वहीत २ सेंटिमीटरच्या आखाव्यात. 'नाक काढ, डोळा काढ' असे न सांगता प्रत्येक घरात काळे किती, करडे किती, पांढरे किती, एवढेच पाहण्यास सांगावे. छटा पेन्सिलीने भरावी.

वर्गात मंद वाटणाऱ्या एखाद्या मुलाची शिकण्याची वाट कदाचित हीच असेल. ती आपल्या एका शब्दाने बंद होऊ नये, एवढीच विनंती.