फाईल माळ्यावर टाकू नकोस

प्रिय मुक्ता,

बाळाचे फोटो पोचले, नाक आपल्याकडचंच आहे.

दादा फोनवर म्हणाला, "मुक्ताची शुगर नॉर्मल आली, विषय संपला." तुझ्या बाबांचे विषय फार लवकर संपतात. स्वतःच्या मधुमेहाचाही त्याने असाच संपवला होता. म्हणून हे पत्र थेट तुला.

बाळंतपणानंतर शुगर उतरणारच होती गं. इन्सुलिनच्या कामात खोडा घालणारी संप्रेरकं वारेतून येतात. वार पडली की ती थांबतात. पण दिवस गेलेले असताना बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन करून निभावून नेतं, तुझं कमी पडलं. त्यातलं वार पडल्याने काहीच बदललेलं नाही.

सातव्या महिन्यातला तुझा रिपोर्ट माझ्यासमोर आहे. उपाशीपोटी 97, ग्लुकोज प्यायल्यावर तासाने 186, दोन तासांनी 158. मर्यादा अनुक्रमे 92, 180 आणि 153. "थोडीच जास्त होती" असं सगळे म्हणतात, पण उपाशीपोटीचा आकडा वर असणं मला आवडत नाही. पुढे मधुमेह होण्याच्या धोक्याबद्दल तो बरंच सांगून जातो.

लॅबमध्ये जन्म काढलेल्या बाईचं एक गाऱ्हाणं ऐक. ही तपासणी बाळासाठी असते, असं सगळे धरून चालतात आणि बाळ सुखरूप आलं की आईची फाईल माळ्यावर जाते. बोस्टनमध्ये ओ'सलिव्हन आणि महान या संशोधकांनी 1964 साली गरोदरपणातल्या शुगरच्या मर्यादा मांडल्या, त्या ह्या बाईला पुढे मधुमेह होईल का, एवढं पाहून. बाळाकडे बघून ठरवलेल्या मर्यादा आल्या त्या कितीतरी नंतर, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हापो नावाच्या अभ्यासाच्या आधाराने. म्हणजे तो कागद मुळात तुझाच आहे. आणि धोका लहान नाही: अनेक अभ्यास एकत्र करून 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये तो इतर बायकांच्या सातपट निघाला, 2020 साली 'बीएमजे'मध्ये जवळजवळ दहापट. घाबरवत नाही, पण बाबांची गोळी रोज बघणाऱ्या मुलीला हे माहीत असावं.

आता काम. बाळाचा दीड महिन्याचा डोस असेल त्याच आठवड्यात तुझी तपासणी करून घे. रात्रभर उपाशी राहून रक्त द्यायचं, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. लिंबू पिळून घेतलंस तर मळमळ कमी होते. बाळाला आधी पाजून ने, सोबत कुणाला तरी घे. तिथे कुणी "तीन महिन्यांची शुगरच करा, उपाशी राहायला नको" म्हणेल. नको म्हण. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, नव्या तांबड्या पेशी आलेल्या असतात. तो आकडा खोटा कमी दिसू शकतो. उपाशीपोटी 100 च्या आत आणि दोन तासांनी 140 च्या आत असेल तर ठीक. तरी दरवर्षी एकदा, आणि पुन्हा दिवस गेले तर पहिल्याच भेटीत.

ॲडिपोनेक्टिन वगैरेच्या महागड्या तपासण्यांच्या जाहिराती दिसल्या तर पैसे घालवू नकोस. संशोधकांना त्यांचा उपयोग आहे. तुझ्यासाठी साधी शुगर पुरे.

अंगावर पाज, जमेल तितके महिने. त्याने आईचा धोकाही कमी होतो असं दिसलंय. डिंकाच्या लाडवांवरून सासूबाईंशी भांडू नकोस. लहान एक खा, दुसरा जावयांच्या ताटात सरकव. शेकशेगडी आटोपली की चालायला लाग.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. फोनवर "नॉर्मल आहे" एवढंच सांगू नकोस, मला आकडे बघायचेत.

तुझी,
आत्या